पांढरी पाच, जरा चढी

माझ्या ॲम्प्लिफायरच्या व्हॉल्यूमच्या बटणाभोवती शून्यापासून दहापर्यंत आकडे आहेत. त्यातल्या दोन ते दहा या आकड्यांशी माझा आजवर संबंध आलेला नाही. एकशीसुद्धा नुसती तोंडओळख आहे. डोंबिवलीतल्या दहा बाय अकराच्या खोलीत माझं सगळं रॉक संगीत शून्य आणि एकच्या मधल्या बोळात घडतं. एकदा घरात कुणी नाही असं बघून मी बटण दीडवर नेलं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "अरे, तुमच्या मिक्सरच्या भांड्याचं बुश गेलंय वाटतं. वेळेत बघून घे, नाहीतर मोटार जळते."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण काकूंचं निदान शास्त्राला धरून होतं. झेपणार नाही इतकं खोबरं घातलं की मिक्सर जसा कण्हतो, तसाच व्हॉल्व्हचा ॲम्प ताकदीबाहेरचं काम सांगितलं की कण्हतो. तारेवरून आलेल्या लाटेचा माथा त्याला पेलत नाही. तो माथा कापला जातो आणि मूळ स्वरात नसलेले भलतेच स्वर त्यातून बाहेर पडतात. खोबरं वाटणारा माणूस अशा वेळी धावत जाऊन बटण बंद करतो. रॉकवाला डोळे मिटून म्हणतो, "आहाहा, काय टोन आहे!"

अडचण अशी की ॲम्प मनापासून कण्हायला लागतो तो सहा-सातच्या पुढे. दीडवर तो साखरझोपेत असतो. मग काकूंना ऐकू आलं ते काय? ते होतं पेडल. गिटार आणि ॲम्प यांच्या मध्ये जमिनीवर ठेवायची, पायाने दाबायची साबणाच्या वडीएवढी लोखंडी डबी. ॲम्प न कण्हताच कण्हण्याचा आवाज काढून द्यायचा, हे तिचं काम. म्हणजे आधी मोठा आवाज करणारं यंत्र घ्यायचं, ते हळू वाजवायचं आणि मग ते जोरात वाजतंय असं वाटावं म्हणून दुसरं यंत्र घ्यायचं. अशी दुसरी यंत्रं माझ्याकडे सात आहेत. गाणी चार येतात. त्यातली दोन पूर्ण.

पण गाणी किती येतात हा प्रश्न आम्हा मंडळींत असभ्य समजला जातो. विचारायचं ते "कशातून वाजवतोस?" हे.

एवढ्या मोठ्या आवाजाचं पाप एका ड्रमवाल्याच्या माथ्यावर आहे. जिम मार्शल पश्चिम लंडनमधल्या हॅनवेलला ड्रम शिकवायचा आणि विकायचा. दुकानात येणाऱ्या गिटारवाल्या पोरांना अमेरिकन ॲम्प परवडत नव्हते. म्हणून १९६२ च्या सुमारास त्याने दोघांना हाताशी धरून फेंडरचा 'बेसमन' नावाचा ॲम्प समोर ठेवला आणि तिथे मिळतील त्या सुट्या भागांतून तसाच एक केला. भाग वेगळे, म्हणून कण्हणंही वेगळं निघालं. पोरांना तेच आवडलं. पुढे 'द हू'चा पीट टाउनशेंड आला. त्याला आणखी मोठा आवाज हवा होता. शंभर वॅटचा ॲम्प झाला, त्याच्या खाली आठ स्पीकरचं एक कपाट झालं. ते कपाट गाडीत चढवणाऱ्या माणसांनी कंबर धरली, तेव्हा त्याचे मधोमध दोन भाग केले आणि स्टेजवर एकावर एक ठेवले. रॉकच्या प्रत्येक फोटोत गिटारवाल्याच्या मागे जी काळी भिंत उभी असते, तिच्या पायात ही हमालांची पाठदुखी आहे.

कानाचा हिशेब मात्र वॅटच्या हिशेबाने चालत नाही. दहा वॅटचे शंभर केले तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच वाटतो. त्यामुळे माझा पंधरा वॅटचा 'घरगुती' ॲम्प त्या शंभरवाल्या कपाटाच्या निम्म्याहून जरा जास्तच ओरडू शकतो. हे मला दुकानदाराने सांगितलं नव्हतं. काकूंना आपोआप कळलं.

बिघाडाची ही भक्ती कुठून सुरू झाली याचा शोध घेतला, तर सगळे रस्ते कुठल्या ना कुठल्या नादुरुस्त यंत्रापाशी जाऊन थांबतात. १९६१ मध्ये मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे शांत, भल्या माणसाचं गाणं आलं. नॅशव्हिलमध्ये त्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचा (काकूंचा नव्हे, स्टुडिओतला) एक चॅनल बिघडला आणि ग्रेडी मार्टिनची बेस गिटार मधमाश्यांचं पोळं फुटल्यासारखी गुणगुणू लागली. शहाण्या माणसांनी पुन्हा मुद्रण केलं असतं. यांनी तो आवाज ठेवला आणि गाणं चाललं. मग बिघडलेलं उपकरण पुरतं मेलं आणि लोक तोच आवाज मागायला येऊ लागले. तेव्हा ग्लेन स्नॉडी या तंत्रज्ञाने तो बिघाड नव्याने, मुद्दाम, ट्रान्झिस्टर वापरून तयार केला. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये तो 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने डबीत भरून विकायला काढला. तीन वर्षांनी कीथ रिचर्ड्सने तीच डबी 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये वापरली. त्याच्या मनात खरं तर त्या जागी तुताऱ्या-ट्रम्पेटांचा ताफा होता, गिटार नुसती खूण म्हणून वाजवली होती. खूणच राहिली.

इंग्लंडमध्ये डबीसाठी पैसे नव्हते, तिथे ब्लेड होतं. 'किंक्स'चा डेव्ह डेव्हिस पोरसवदा वयात आपल्या एल्पिको नावाच्या छोट्या ॲम्पवर चिडला आणि त्याने स्पीकरचा कागदी पडदा ब्लेडने फाडला. फाटका कागद थरथरला, त्यातून १९६४ चं 'यू रिअली गॉट मी' निघालं. आज फाटक्या स्पीकरचा आवाज हुबेहूब देणारी पेडल्स मिळतात. ब्लेड त्यामानाने अजून स्वस्त आहे, पण त्याला वॉरंटी नाही.

आणि ब्रायन मे. याच्याविषयी बोलायला लागलो की माझ्या घरचे उठून स्वयंपाकघरात जातात, पण तुम्ही वाचताय म्हणून सांगतो. १९६३ मध्ये 'क्वीन'चा हा भावी गिटारिस्ट शाळेत होता. फेंडरची गिटार घ्यायला घरात पैसे नव्हते, पण वडील इलेक्ट्रॉनिक्समधले होते आणि दोघांच्याही हातात कला होती. बापलेकांनी घरातच गिटार करायला घेतली. दोनेक वर्षं लागली. गिटारची मान एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कोरली. लाकडाला किडीने भोकं पाडली होती, त्यांत आगकाड्या ठोकल्या. स्वर हलवायच्या दांडीखालच्या स्प्रिंगा एका म्हाताऱ्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या. त्या दांडीचं टोक आईच्या विणायच्या सुईचं. मानेवर खुणेसाठी बसवलेले शिंपल्याचे पांढरे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातली बटणं. त्या माउलीने दोन वर्षांत काय काय शोधलं असेल! पुढे हाच मुलगा याच गिटारवर जगभर वाजवत फिरला आणि मध्ये सोडलेली खगोलशास्त्राची पीएचडीही त्याने २००७ मध्ये पुरी केली. हे शेवटचं मला आमच्या घरी बरेचदा ऐकवलं जातं.

याच क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारोख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. 'हेक्टिक्स' या पोरांच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा. पाचगणीला गेलो की मी त्या बाजूला तोंड करून मनातल्या मनात नमस्कार करतो. बरोबरची मंडळी स्ट्रॉबेरी खात असतात.

तर मुद्दा असा, की शेकोटी, आगकाड्या, सुई आणि बटणं यांच्या त्या जुगाडाच्या हुबेहूब प्रती आता रीतसर कारखान्यात तयार होतात आणि दुकानात मिळतात. मी एकदा किंमत विचारली आणि आभार मानले. त्याऐवजी मी ब्रायन मेची एक परवडणारी सवय उचलली. तो प्लास्टिकच्या पिकने वाजवत नाही, सहा पेनीच्या जुन्या नाण्याने वाजवतो. नाण्याची दातेरी कड तारेवर घासली की आवाजाला धार येते. मी देवघरातल्या डबीतून एक चार आण्याचं नाणं काढलं. धार आली. तिसऱ्या मिनिटाला वरची तार तुटली आणि नाणं उडून कपाटाखाली गेलं. अजून तिथेच आहे. आईने नाणी मोजली तेव्हा एक कमी भरलं, मी गप्प बसलो.

जुगाडाच्या प्रती निघतात हे एक वेळ समजू शकतो. झिजेच्याही निघतात, हे बाबांना समजावताना माझी वाचा बसली. १९९० च्या दशकात फेंडरच्या खास कारखान्यात 'रेलिक' नावाचा प्रकार सुरू झाला. नवी कोरी गिटार घ्यायची, तिचा रंग खरवडायचा, खिळे-स्क्रू गंजवायचे, कडेला पोचे पाडायचे आणि मग ती न खरवडलेल्या गिटारपेक्षा महाग विकायची. आयर्लंडच्या रोरी गॅलगरची १९६१ सालची स्ट्रॅटोकास्टर वर्षानुवर्षं घामाने आणि हाताच्या घासण्याने जवळजवळ उघडी पडली होती. तिचीही तशीच, आधीच उघडी पडलेली, नवी प्रत निघाली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे फाटकी पैठणी नवी म्हणून?"

"नवी पैठणी फाटकी म्हणून, बाबा."

बाबा बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले.

मला विचाराल तर यात आपलं नुकसान झालंय. घाम हाच जर कच्चा माल असेल, तर सकाळच्या आठच्या फास्ट लोकलमध्ये एक महिना गिटार घेऊन गेलो तर अख्ख्या आयर्लंडला पुरतील इतक्या रेलिक डोंबिवलीतून निघतील. पोचे वेगळे पाडावे लागणार नाहीत.

पेडल्स मी बहुतेक जुनी घेतो. व्यवहार स्टेशनच्या पुलावर होतो. विकणारा कॉलेजचा मुलगा असतो आणि त्याला हे पेडल आताच का विकायचंय याची एक करुण कहाणी असते. अशीच एक हिरवी डबी घेऊन मी मेट्रोच्या तपासणीतून जात होतो. पिशवी यंत्रातून गेली आणि पोलीस दादांनी मला बाजूला घेतलं. लोखंडी पेटी, वायर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि एक लाल दिवा. त्यांचंही बरोबरच होतं.

"हे काय आहे?"

"गिटारचं पेडल आहे, साहेब."

"काय होतं याने?"

रात्रंदिवस ज्या विषयाचा अभ्यास केला, त्यावर आलेला हा पहिला तोंडी प्रश्न. "आवाज जरा खराब होतो," मी म्हणालो.

त्यांनी डबी उलटसुलट करून पाहिली. "मग घेता कशाला?" असं म्हणून परत दिली.

ती हिरवी डबी म्हणजे ट्यूब स्क्रीमरच्या घराण्यातली. आत एक चिप असते. १९७० च्या दशकाच्या शेवटी अशी चिप इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात कुठल्याही बरणीत मिळायची, पण तिच्या पाठीवरचा छापील नंबर विशिष्टच हवा म्हणून आज माणसं भिंग घेऊन बसतात. त्याहून वरचं सोवळं म्हणजे क्लॉन सेंटॉर. बिल फिनेगन नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९९४ च्या सुमाराला ही पेटी हाताने बनवायला सुरुवात केली आणि कुणी आराखडा चोरू नये म्हणून आतल्या सर्किटवर काळा डांबरासारखा लेप ओतला. आता जुनी क्लॉन हजारो डॉलरला जाते. लेपाखाली काय आहे ते लोकांनी कधीच खरवडून पाहिलं आणि नकलाही ढिगाने निघाल्या. तरी भक्तांचं म्हणणं, गाभाऱ्यातली ती गाभाऱ्यातली.

भक्तीला कानाची जोड असली तर माणूस कुठवर जाईल सांगता येत नाही. टेक्ससचा एरिक जॉन्सन फार वरच्या दर्जाचा वादक आहे, आणि पेडलमधल्या बॅटरीची कंपनी बदलली तरी त्याच्या कानाला कळतं अशी त्याची ख्याती आहे. माझ्या कानाची परीक्षा गेल्या दिवाळीत झाली. मी हिरव्या डबीचं टोनचं बटण सकाळी जवळजवळ वीस मिनिटं लावत होतो. केसाएवढं उजवीकडे, आवाज कडक. केसाएवढं डावीकडे, आवाज मऊ, मधाळ, जुन्या रेकॉर्डसारखा. शेवटी नेमकी जागा सापडली. तिथे मी पांढऱ्या पेन्सिलीने खूण केली आणि मागे सरून बघितलं, तर लाल दिवा बंद होता. वीस मिनिटं गिटार सरळ ॲम्पमध्ये जात होती आणि पेडल नुसतं वायरला वाट देत बसलं होतं. खूण मी पुसलेली नाही. ती जागा खरोखर चांगली आहे.

मे महिन्यात आणखी एक संकट येतं. हेंड्रिक्स वापरायचा त्या फझ फेसची, माइकच्या स्टँडच्या गोल बुडासारख्या दिसणाऱ्या पेडलची, एक नक्कल माझ्याकडे आहे. जुन्या पद्धतीचं म्हणून आत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर आहेत. जर्मेनियम उकाड्याला नाजूक. खोली तापली की त्याचा स्वभाव बदलतो, आवाज घुसमटतो. लंडनच्या हवेसाठी जन्मलेलं ते बाळ आमच्याकडे दुपारी चारला चक्क मान टाकतं. मी ते आधी फ्रिजमध्ये ठेवून मग वाजवून पाहिलं. फरक पडला. दह्याच्या भांड्याशेजारी निळं पेडल बघून घरात जो संवाद झाला तो इथे देत नाही.

नावांचा गोंधळ तर विचारूच नका. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. गिटारीच्या इतिहासातला एवढा मोठा माणूस, पण गिटार वाजवता येत नव्हती. स्वर हलला तर त्याला व्हायब्रेटो म्हणतात आणि आवाजाचा जोर कमीजास्त झाला तर ट्रेमोलो. लिओने स्ट्रॅटोकास्टरच्या स्वर हलवणाऱ्या दांडीला ट्रेमोलो म्हटलं आणि ॲम्पमधल्या जोर हलवणाऱ्या सोयीला व्हायब्रेटो. आपल्याकडे कुणी गमकाला आंदोलन म्हटलं असतं, तर त्याला बैठकीतून उठवलं असतं. तिकडे त्याच नावाने १९५६ मध्ये पेटंट मिळालं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा मनापासून हसले.

बाबांचं थोडं सांगायला हवं. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. नोकरी सांभाळून आयुष्यभर गायले. त्यांचा मिरजेचा तंबोरा गवसणी घालून कोपऱ्यात उभा आहे, कारण आता तर्जनी थरथरते. लहानपणी मी पाहिलंय, गायला बसायच्या आधी ते घोडीवर तारेखाली सुताचा दोरा घालून तो केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे सरकवत बसायचे. जवारी खुलेपर्यंत. तेवढ्यात तबलजींचे दोन चहा व्हायचे. आता त्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहे. तो ते वापरत नाहीत. "फार बरोबर वाजतो," ही त्यांची तक्रार.

माझी तक्रार वेगळी होती. माझ्या गिटारचे पिकअप फेंडरच्या पद्धतीचे, एकेरी कॉइलचे आहेत. ते तारेचा आवाज उचलतात आणि त्याबरोबर घरातल्या विजेचाही. १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरने दोन कॉइल उलटसुलट जोडून ही गुणगुण मारून टाकली, पण माझ्या जातीचे लोक म्हणतात की त्यात टोनही मरतो. म्हणून मी गुणगुण ठेवतो आणि ती घालवायला खर्च करतो. गिटारच्या पोटात तांब्याची पट्टी चिकटवली, केबल बदलल्या, आवाज नसताना दार लावून घेणारं एक पेडल घेतलं. खरा उपाय फुकटचा निघाला: अंग वळवायचं. एकेरी कॉइलवाला माणूस खोलीत गोल फिरतो आणि गुणगुण कमी होते त्या दिशेला तोंड करून उभा राहतो. आमच्या खोलीत ती दिशा आग्नेय आहे, कपाटाच्या आरशाकडे तोंड. वास्तुवाल्यांनी नोंद घ्यावी.

परवा संध्याकाळी मी फझ चालू करून गिटार गळ्यात अडकवली होती आणि तारांवर नुसता हात ठेवून कुठलं गाणं वाजवायचं (दोनपैकी) ते ठरवत होतो. पंखा तीनवर होता. त्याचा नवा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तीनवर सगळ्यात जास्त गुरगुरतो. ॲम्पमधून सगळं मिळून एक भरीव, किंचित खरखरीत घूं चाललं होतं. मी बटणाकडे हात नेला, तेवढ्यात दारातून आवाज आला, "बंद नको करू."

बाबा आत आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. डोळे मिटून त्यांनी मान तिरकी केली.

"पांढरी पाच आहे," ते म्हणाले. "जरा चढी."

मी नंतर हिशेब करून पाहिला. आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते, आणि पेटीवर पांढरी पाचचा खर्जातला स्वर एकोणपन्नासावर बसतो. अमेरिकेत साठ हेलकावे, म्हणजे त्यांची गुणगुण काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळते, कुठल्याच पट्टीत नाही. त्यांच्या लोकांनी ती मारायला एवढी धडपड का केली, ते तेव्हा कळलं. पण हे सगळं नंतर. त्या वेळी बाबा मांडीवर बोट ठेवून म्हणत होते, "पांढरी पाचात मला आता गाता यायचं नाही. पण हा पंचम धरला तर माझी पांढरी एक होते. बघू."

आणि त्यांनी षड्ज लावला. आवाज कापत होता, मग हळूहळू बसला. गंधार, रिषभ, पुन्हा षड्ज. भूप होता. मी गिटार गळ्यात घेऊन, फझवर एक पाय ठेवून, तारांवर हात दाबून उभा. पाय आखडला म्हणून जरा वजन बदललं, तर गुणगुण एकदम बारीक झाली.

बाबांनी डोळे न उघडताच हात वर केला. "हलू नको रे. डावीकडे वळ थोडा. आणखी. हां."

मी आरशाकडे पाठ करून उभा राहिलो.

"आणि पंखा तीनवरच असू दे," ते म्हणाले, आणि त्यांनी धैवत घेतला.